पालथा चमचा

नाझर आबांना जेवायला बोलावणं हे आमच्या गल्लीत धाडसाचं काम समजलं जाई. माणूस खादाड नव्हता. मीठ कमी पडलं तर मागून घेत नसे, भाजी करपली तरी बोलत नसे. पण पानावर बसला की आधी वाटीतला चमचा उचलायचा, पालथा करायचा आणि दांड्याची मागची बाजू डोळ्यांजवळ नेऊन वाचायचा. मग सदऱ्याच्या खिशातून घडीचं भिंग निघायचं आणि पुन्हा वाचन. तोवर घरची बाई पातेलं हातात धरून उभी. वाचून झालं की आबा चमचा सुलटा करून वाटीत ठेवत आणि म्हणत, "हं."

या 'हं'चे प्रकार होते. आखूड 'हं' म्हणजे स्टील, बोलण्यासारखं काही नाही. नाकातून आलेला 'हं' म्हणजे जर्मन सिल्व्हर. आणि लांबलेला, शेवटी थोडा वर जाणारा 'हं' म्हणजे यजमान ज्याला चांदी म्हणतो आहे ती चांदी नाही आणि हे त्याला आता भर पंगतीत कळणार आहे. हा तिसरा 'हं' आबांचा आवडता होता.

धुळ्याच्या गल्ल्यांना नावं कमी आणि नंबर जास्त. ऐंशीनंतर लवकरच मी तिथल्या एका कॉलेजात मराठी शिकवायला आलो आणि अशाच एका नंबरात राहू लागलो. आबा शेजारी. नाव विठ्ठल कोठावदे, पण ते नाव फक्त पेन्शनच्या कागदावर. कलेक्टर कचेरीत ते नाझर होते. नाझर म्हणजे सरकारी टेबलं, खुर्च्या, पडदे, जप्तीत आलेली भांडीकुंडी या सगळ्यांचा पालक. सरकारी विश्रामगृहातले काटे-चमचेही त्यांच्याच ताब्यात. मंत्री येऊन गेले की आबा दुसऱ्या दिवशी चमचे मोजत. मंत्र्यांबद्दल त्यांचं काय मत होतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, मोजतो एवढंच सांगितलं.

साहेब लोक गेले तेव्हा विश्रामगृहाच्या कपाटात त्यांचे जुने चमचे राहिले आणि त्याच कपाटाच्या तळाशी वाळवीने एका कोपऱ्यातून चाखलेलं एक इंग्रजी पुस्तक राहिलं. चांदीच्या सामानावरचे शिक्के ओळखण्याचं पुस्तक. आबांनी ते कचेरीच्या वेळात, सरकारी विजेच्या प्रकाशात पाठ केलं. मला हे कळलं तेव्हा मी माझ्या संशयी स्वभावानुसार कॉलेजच्या ग्रंथालयातला ज्ञानकोशाचा एक जाडजूड खंड काढून त्यांची परीक्षा घ्यायचं ठरवलं. दुर्दैवाने ते सगळं बरोबर सांगत होते. एखादा दांभिक माणूस अज्ञानीही निघाला तर लिहायला सोपं जातं. आबांनी ती सोय ठेवली नव्हती.

"खऱ्या विलायती चांदीवर सिंह असतो," ते सांगत. "चालणारा. बसलेला नव्हे. शेजारी गावाची खूण. बिबट्याचं मुंडकं असेल तर लंडन, मुकुट असेल तर शेफिल्ड, जहाजाचा नांगर असेल तर बर्मिंगहॅम."

"बर्मिंगहॅमला समुद्र कुठे आहे?" मी विचारलं.

"जळगावला तरी सोन्याची खाण कुठे आहे?" आबा म्हणाले. "पुढे ऐका. मग सालाचं अक्षर, मग बनवणाऱ्याची आद्याक्षरं. आणि नुसता मुलामा असेल तर यातलं काही नाही. तिथे कारखानदार इंग्रजी अक्षरं ठोकतो, पण कशी? एकेक अक्षर छोट्या ढालीत बसवून. लांबून वाटावं, चार शिक्के आहेत. आत साधा धातू, वर विजेने चढवलेला चांदीचा पापुद्रा. पुढून काय हो, सगळेच चमकतात."

हे शेवटचं वाक्य ते फक्त चमच्यांबद्दल बोलत नसत, हे समोरच्याला कळावं म्हणून ते बोलताना समोरच्याकडे बघत.

गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या वकीलसाहेबांना याचा अनुभव आला. त्यांच्या आजोबांना सरकारकडून किताब मिळाला होता आणि त्या किताबाबरोबर आलेले चमचे सत्यनारायणाच्या जेवणाला काढले होते. आबांनी चमचा पालथा केला. लांब 'हं' आला.

"काय झालं?" वकीलसाहेबांनी विचारलं. कोर्टात साक्षीदाराला काय विचारू नये हे त्यांना चांगलं माहीत होतं, पण घरी माणूस बेसावध असतो.

"काही नाही. मुलामा आहे. पण चढवणाऱ्याने काम चोख केलंय हो. तुमच्या आजोबांना फसवलं त्याने, पण चोख फसवलं."

वकीलसाहेबांनी त्यानंतर आबांना नमस्कार करणं सोडलं. त्यांच्या पत्नी मात्र खूश झाल्या. इतकी वर्षं कुलपात ठेवलेले चमचे त्यांनी लोणच्याच्या बरण्यांना लावून टाकले.

आबांना खरा राग यायचा तो आपल्याकडच्या भांड्यांवर नाव टाकण्याच्या पद्धतीचा. भांडं विकत घेतलं की दुकानदाराचा पहिला प्रश्न, "नाव काय टाकू?" मग ते सुईचं यंत्र घरघरतं आणि भांड्याच्या पाठीवर देणाऱ्याचं, घेणाऱ्याचं आणि मध्ये पडलेल्या मामांचं नाव उमटतं. एकदा सोनगीरचे एक शेतकरी किल्ल्याच्या पायथ्याशी शेत नांगरताना सापडलेला चमचा घेऊन आले. आबांनी भिंग लावलं आणि चमचा खिडकीशी नेला. लंडनचा, अस्सल, जुना. पण घरच्यांनी तो सापडल्या सापडल्या बाजारात नेऊन त्यावर नाव टाकून घेतलं होतं. सिंहाच्या बरोबर पाठीवर 'चि. पिंटूस'.

"सिंहाने साहेब पचवला, माती पचवली," आबा त्या शेतकऱ्याला म्हणाले, "पण तुमचा पिंटू काही त्याला झेपला नाही."

शेतकरी बिचारा म्हणाला, "मग आता पुसता येईल का, आबा?"

"काय, पिंटू?"

असे हे आबा. ज्ञान होतं आणि ज्ञानाचा माजही भरपूर होता. एखाद्याची चांदी खरी निघाली तर ते दोन शब्दांत सांगून मोकळे होत. खोटी निघाली की त्यांना वक्तृत्व सुचे. लोक त्यांना सत्यवादी म्हणत. माझं मत वेगळं होतं. सत्यापेक्षा त्यांना समोरच्याचं तोंड उतरलेलं बघायला जास्त आवडायचं. सत्य त्यासाठी सोयीचं पडे, एवढंच.

याची किंमत कुमुद मोजत होती. कुमुद त्यांची एकुलती एक मुलगी. बी. एस्सी. झालेली, शांत, आणि बापाच्या चेहऱ्यावरून कोणता 'हं' येणार हे आधीच ओळखणारी. शिरपूरचं एक चांगलं स्थळ तिसऱ्या 'हं'ने गेलं होतं. मुलाच्या काकांनी वाटीसह चमचा उचलून आत पाठवला आणि त्यानंतर शिरपूरहून निरोप आला नाही. पुढे बातमी अशी फिरली की कोठावद्यांची मुलगी छान आहे, पण सोबत बाप येतो.

मग जळगावच्या बापूसाहेबांकडून विचारणा आली. बापूसाहेबांची जिनिंग फॅक्टरी होती. शिवाय ते दोन संस्थांचे अध्यक्ष, एका मंगल कार्यालयाचे संस्थापक आणि कोणत्याही व्यासपीठावरच्या मधल्या खुर्चीचे कायम मालक होते. धाकटा मुलगा मात्र बापावर गेलेला नव्हता. तो पाण्याच्या पंपांची एजन्सी चालवी, कमी बोले आणि कुमुदला बघायला आला तेव्हा त्याने तिला भाषणाऐवजी प्रश्न विचारले. कुमुदने पहिल्यांदाच हो म्हटलं. म्हटलं म्हणजे काय, आईजवळ मान हलवली; पण आमच्या गल्लीत तेवढ्याने बातमी होते.

लग्नाची बोलणी करायला बैठक जळगावला ठरली. माणसं चार लागतात आणि त्यात बोलणारं एक तरी लागतं, म्हणून मला नेलं. निघताना कुमुद दारात उभी होती.

"आबा, तुम्ही बघणारच," ती म्हणाली. "बघा. पण बोलू नका."

आबा चपला घालत राहिले.

पारोळ्यापर्यंत एस.टी.त आबांच्या पत्नी, म्हणजे आमच्या अक्का, गप्प होत्या. पारोळा सुटलं तसं त्यांनी पदर खोचला. अक्कांना पुस्तकी मराठी येत होती, पण नवऱ्याला तासायचं असलं की त्या घरची भाषा काढत.

"मी सांगस ते ध्यानमा ठेवा. चमचाले हात लावाना नही."

"मग बासुंदी काय बोटाने खाऊ?"

"खावाले लावा. उलटा कराले नका लावू. पोरनं लगीन शे, जप्ती नही शे!"

मागच्या बाकावरचा एक जण हसला. आबांनी वळून त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याला स्वतःचा शिक्का आठवावा.

बापूसाहेबांचा दिवाणखाना म्हणजे बापूसाहेबांचं संग्रहालय होतं. हार घालताना बापूसाहेब, हार घालून घेताना बापूसाहेब, कोनशिलेचा पडदा ओढताना बापूसाहेब. मधल्या भिंतीवर आजोबांचं तैलचित्र, त्यात आजोबांचा चेहरा बापूसाहेबांसारखा काढून घेतलेला. पानं मांडली गेली, वाट्यांत बासुंदी आली आणि मखमलीच्या पेटीतून चमचे निघाले.

"हे चमचे," बापूसाहेब उभे राहून म्हणाले, कारण बसून बोलायची त्यांना सवय नव्हती, "गव्हर्नरसाहेबांनी आमच्या आजोबांना स्वहस्ते दिले. दुष्काळात आजोबांनी धान्य वाटलं होतं. साहेब म्हणाले, मागा. आजोबा म्हणाले, काही नको. तेव्हा साहेबांनी आपल्या पानावरचे चमचे उचलून स्वहस्ते दिले."

गव्हर्नर एकटा जेवत असताना त्याच्या पानावर डझनभर चमचे काय करत होते, हा प्रश्न माझ्या तोंडावर आला होता. अक्कांच्या भीतीने मी तो बासुंदीबरोबर गिळला.

आबांनी चमचा उचलला. सुलटा. बासुंदी घेतली, तोंडात घातली. पुन्हा घेतली. मी त्यांच्या शेजारीच होतो, म्हणून मला दिसलं: दांड्याखाली त्यांचं बोट हळूहळू फिरत होतं, आंधळ्याने अक्षर चाचपावं तसं. कपाळावर घाम आला होता. समोर अक्का त्यांच्या हाताकडे बघत होत्या, मांजर बिळाकडे बघतं तशा. वाटी संपत आली. मला वाटलं, निभावलं.

"आबासाहेब," बापूसाहेब म्हणाले, "तुमची कीर्ती आम्ही ऐकून आहोत. आज हे मुद्दाम तुमच्यासाठी काढले. मागे मुद्रा आहे, ती पाहा ना. आम्हाला कोणी वाचून दाखवत नाही."

आबांनी चमचा पालथा केला. भिंग काढलं. माझी मान आपोआप तिकडे वळली. एक वाटोळा पट्टा, वर मुकुट, पट्ट्याच्या आत एकमेकांत गुंतलेली वळणदार इंग्रजी अक्षरं. आणि खाली छोट्या ढालीत बसवलेली अक्षरं, जी लांबून चार शिक्के वाटावीत. ढालींचा अर्थ मला आबांनीच शिकवला होता. आणि वळणदार अक्षरं वाचायला तज्ज्ञ लागत नव्हता. ती भुसावळ स्टेशनच्या उपाहारगृहात चहाच्या जुन्या किटल्यांवर मी कितीदा पाहिली होती. रेल्वे कंपनीची खूण होती ती. गिऱ्हाइकांनी चमचे पळवू नयेत म्हणून घातलेली.

आजोबांनी दुष्काळात काय वाटलं ते देव जाणे. भुसावळला काय उचललं ते माझ्यासमोर होतं.

बापूसाहेब हसतमुख, अक्का डोळे मिटून. आबा फार वेळ बघत राहिले. पुस्तकातली प्रत्येक ओळ पाठ असलेला माणूस एवढा वेळ घेत नाही. मग त्यांनी भिंगाची घडी केली.

"चांदी आहे," आबा म्हणाले. "गव्हर्नरांचीच."

लग्न ठरलं. परतीच्या एस.टी.त अक्का प्रसन्न होत्या. "आज देव पावना," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. आबा खिडकीबाहेर केळीच्या बागांकडे बघत होते. मी विषय काढला नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची तोंडं उतरवणाऱ्या माणसाचं तोंड उतरलेलं असताना बोलू नये, एवढी समज मला होती. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

लग्न थाटात झालं. कुमुद जळगावला रमली. आणि बापूसाहेबांनी मंगल कार्यालयाच्या दर्शनी भागात काचेची पेटी करून त्यात ते चमचे मांडले. खाली सोनेरी अक्षरांत पाटी: 'गव्हर्नरसाहेबांची स्वहस्ते भेट. तज्ज्ञ श्री. कोठावदे, धुळे यांनी तपासून खरी ठरवली.' आजवर आबा दुसऱ्यांच्या चमच्यांवरचे शिक्के वाचत आले. आता एका चमच्याखाली त्यांचाच शिक्का बसला होता.

पुढे व्हायचं ते झालं. पाचोऱ्याचे एक गृहस्थ आबांकडे आले. वडील रेल्वेत होते, असं त्यांनी आल्याआल्या सांगितलं. पिशवीतून त्यांनी चमचे काढले आणि आबांच्या पुढ्यात ओतले. तोच पट्टा, तोच मुकुट, त्याच ढाली.

"बापूसाहेबांच्या कार्यालयात लग्नाला गेलो होतो. काचेच्या पेटीत बघितले, म्हटलं अरे, हे तर आपल्या घरच्यासारखेच! खाली तुमचं नाव. म्हणजे आमचीही चांदीच ना, आबा?"

आबा चमचे एका ओळीत लावू लागले.

"आमच्या बापालाही गव्हर्नर भेटला असेल काय हो?" गृहस्थ गंभीरपणे म्हणाले. "कधी बोलला नाही तो. आमच्याकडे काटेसुद्धा आहेत."

आता चांदी नाही म्हणावं तर कुमुदच्या सासऱ्यांची पेटी फुटते. आहे म्हणावं तर अर्ध्या खानदेशाला गव्हर्नर भेटल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. भुसावळ जंक्शन काही लहान नाही. आबांनी चमचा हातात घेतला, भिंग न काढता डोळ्यांपुढे धरला, आणि खाली ठेवला.

"मला आता दिसत नाही," ते म्हणाले.

त्या दिवसापासून आबांना दिसेनासं झालं. भिंग बंद. बाहेर जेवायला गेले की हाताने जेवत. कोणी चमचा पुढे केला की डोळ्यांपुढे हात हलवत, "मोतीबिंदू." सकाळी त्यांच्या खोलीचं दार लावलेलं असे आणि आतून वर्तमानपत्राची पानं उलटल्याचा आवाज येई. रद्दीत जाणाऱ्या त्या अंकांतली शब्दकोडी सोडवलेली असत. माझ्या दारावरून जाताना ते मुद्दाम भिंत चाचपत जात. अक्कांचा या मोतीबिंदूवर काडीचा विश्वास नव्हता.

"चमचा दिसत नही, आनि तांदुयमाना खडा बरा दिसस तुमले!"

"तो दाताला कळतो," आबा म्हणत.

काही वर्षं अशी गेली. नव्वदनंतर बापूसाहेबांची एकसष्टी आली. त्या काळी एकसष्टी नुसती करत नसत, तिच्या निमित्ताने समाजाचं काहीतरी भलं करत. बापूसाहेबांनी नेत्रशिबिर ठेवलं. मंगल कार्यालयाच्या मागच्या सभागृहात खाटा, पुढच्या सभागृहात व्यासपीठ. खेड्यापाड्यांतून म्हातारी माणसं आणून ओळीने बसवली होती; त्यांना दिसत नव्हतं, पण बापूसाहेब ऐकू मात्र येत होते. आणि या शिबिरात आपल्या व्याह्यांचे डोळे परत आणण्याचा निश्चय त्यांनी निमंत्रणपत्रिकेतच छापला होता.

आबांनी ताप आल्याचं कळवलं. बापूसाहेबांनी मोटार पाठवली. आबा आणि अक्का तिच्यात बसले, सोबतीला मी.

तपासणी भाषणांच्या आधी झाली. डॉक्टर नाशिकहून आलेला तरुण मुलगा होता, गावच्या राजकारणापासून पूर्ण अनभिज्ञ. आबांना व्यासपीठावर बसवल्यावर बापूसाहेबांनी त्याला माईकवरून विचारलं, "डॉक्टरसाहेब, आमच्या व्याह्यांचा मोतीबिंदू किती पिकलाय?"

"मोतीबिंदू नाहीच," डॉक्टर म्हणाला. "दृष्टी उत्तम आहे. या वयात इतकी चांगली क्वचितच बघायला मिळते."

आबांनी मान खाली घातली. मला वाटलं, संपलं. पण मी बापूसाहेबांना ओळखलं नव्हतं.

"ऐकलंत?" बापूसाहेब गरजले. "शिबिराचं उद्घाटन व्हायच्या आत पहिले डोळे बरे झाले!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. ओळीने बसलेल्या म्हाताऱ्यांनीही टाळ्या वाजवल्या, आशेने.

"आता आबासाहेब आपल्या बऱ्या झालेल्या डोळ्यांनी गव्हर्नरसाहेबांची मुद्रा सर्वांना वाचून दाखवतील. सूनबाई, चमचा आणा."

कुमुद बायकांमधून उठली. काचेच्या पेटीचं कुलूप उघडून तिने एक चमचा काढला, व्यासपीठावर येऊन वडिलांच्या हातात दिला. देताना काहीतरी बोलली. माझ्यापर्यंत आलं नाही. ती खाली उतरली नाही, तिथेच बाजूला उभी राहिली.

आबांनी चमचा पालथा केला. खिशात हात घातला. भिंग होतं! एवढी वर्षं न दिसणाऱ्या माणसाच्या खिशात ते रोज होतं. त्यांनी ते उघडलं, आणि माईकसमोर तो जुना, लांबलेला, शेवटी वर जाणारा 'हं' उमटला. पुढच्या रांगेत अक्कांनी कपाळावर हात मारला.

"हा चमचा चांदीचा नाही," आबा म्हणाले. आवाज नाझराचा होता, पंचनामा वाचणाऱ्याचा. "सिंह नाही, गावाची खूण नाही. ढालीत अक्षरं आहेत, म्हणजे मुलामा. वरची मुद्रा गव्हर्नरची नाही. रेल्वे कंपनीची आहे. हे भुसावळ स्टेशनच्या उपाहारगृहातले चमचे आहेत. मागे मी चांदी म्हणालो होतो. ते खोटं होतं."

एवढं स्वच्छ वाक्य त्या सभागृहात पूर्वी कधी बोललं गेलं नसेल. कुमुदचा नवरा बायकोकडे बघत होता, कुमुद समोर बघत होती.

बापूसाहेब उभे राहिले. घाईने नाही. उपरणं सारखं केलं आणि माईक हळूच आपल्याकडे वळवून घेतला.

"बंधू-भगिनींनो," ते म्हणाले, "हे आम्हालाही माहीत नव्हतं. आज आबासाहेबांनी उलगडा केला. गव्हर्नरसाहेब आपल्या खास आगगाडीने भुसावळला आले. त्या आगगाडीतले, रेल्वेची राजमुद्रा असलेले, हे चमचे! अशा वस्तूची किंमत चांदीत होत नाही!"

टाळ्या थांबेनात. आबांनी तोंड उघडलं, तेवढ्यात कोणीतरी मागून त्यांच्या खांद्यावर शाल टाकली, दुसऱ्याने हातात नारळ दिला आणि फोटोवाला म्हणाला, "आबा, इकडे बघा." आबांनी बघितलं. तो फोटो अजून बापूसाहेबांच्या दिवाणखान्यात असेल. चमचा एका हातात, नारळ दुसऱ्या हातात, आणि चेहऱ्यावर, दुसऱ्यांच्या चेहऱ्यावर ते आयुष्यभर जे उमटवत आले ते.

कार्यक्रमानंतर मागच्या पडवीत आबा खुर्चीत बसले होते. शाल तशीच. कुमुद चहा घेऊन आली.

"मला पहिल्याच दिवाळीत कळलं होतं, आबा," ती म्हणाली. "पेटीतले चमचे घासायला घेतले तेव्हा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही चांदी म्हणाला होतात ना! तुमचं नाव होतं खाली."

आबांनी चहाचा घोट घेतला.

"म्हणजे मी त्या दिवशी बैठकीतच खरं सांगितलं असतं..."

"तरी लग्न झालंच असतं. त्यांनी तेव्हाच आगगाडी काढली असती."

"इतकी वर्षं भिंत चाचपत चाललो मी," आबा म्हणाले.

"हो," कुमुद म्हणाली. आणि मग तिला हसू आवरेना. पदर तोंडात घालून ती हसत राहिली आणि हसता हसता डोळे पुसत राहिली. आबा हसले नाहीत. पण त्यांनी शाल काढली, नीट घडी केली आणि नारळासकट तिथेच खुर्चीवर ठेवून दिली.

बापूसाहेबांनी परतीला मोटार देऊ केली. आबा म्हणाले, एस.टी. बरी.

संध्याकाळच्या त्या गाडीत मी त्यांच्या मागच्या बाकावर होतो. पुढे माझी बदली झाली, धुळं सुटलं. आबांची माझ्याजवळ राहिलेली शेवटची आठवण याच गाडीतली आहे. अक्का खिडकीशी, आबा मध्ये, कडेला एरंडोलला चढलेला एक मिलचा कामगार. गाडी सुटल्यावर त्याने मांडीवर डबा उघडला आणि खिचडीत खोवलेला चमचा काढला.

"जरा बघू?" आबा म्हणाले.

कामगाराने गोंधळून चमचा दिला. आबांनी तो पालथा केला, खिडकीच्या उजेडाकडे धरला, भिंग लावलं.

"व्हयनं परत सुरू!" अक्का म्हणाल्या. पण पदर खोचला नाही.

"हं," आबा म्हणाले. "स्टील आहे."

"स्टीलचाच आहे, बाबा."

"पटलं तुम्हाला?"

"न पटायला काय झालं?" कामगार म्हणाला. "स्टील आहे म्हणजे स्टील आहे."

आबांनी चमचा धोतराच्या सोग्याला पुसला, सुलटा केला आणि त्याच्या हातात परत दिला.

"आभारी आहे," ते म्हणाले.